लॅपटॉपचा कर्सर आपोआप पळतोय, कीबोर्ड भलतंच टाइप करतोय? 'हॅक झाला' म्हणण्याआधी हे तपासा

जुलै महिन्यातली रात्र आहे आणि बाहेर धो धो पाऊस पडतोय. पनवेलला लागून सिडकोने वसवलेल्या करंजाडेमधल्या एखाद्या फ्लॅटचं चित्र डोळ्यांसमोर आणा. बारावी झालेली मुलगी लॅपटॉपवर प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरते आहे. मुदत रात्री बारापर्यंतची. इतक्यात कर्सर आपोआप उड्या मारायला लागतो. एका पर्यायावर क्लिक करावं तर टिक दुसऱ्यावर पडते. नावाच्या रकान्यात काही अक्षरांच्या जागी आकडे उमटतात.

घरातलं कुणीतरी म्हणतं, "हॅक झाला वाटतं!" आणि दुसरं कुणीतरी मोबाइलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधायला लागतं.

असा प्रसंग कुठल्याही घरात येऊ शकतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं आणि घरच्या घरी सापडतं. पण घाबरून चुकीच्या नंबरवर फोन गेला, तर कर्सरच्या तक्रारीतून बँक खातं रिकामं होऊ शकतं. म्हणून माउस किंवा कीबोर्ड विचित्र वागायला लागला की नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं, ते समजून घेऊया.

मुदत जवळ आली असेल तर आधी काम उरका

दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी हातातलं काम वाचवा. अर्ज सेव्ह करा. घरात यूएसबी माउस किंवा कीबोर्ड असेल तर तो जोडा आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस' इथे जाऊन 'टचपॅड' बंद करा. बहुतेक लॅपटॉपमध्ये वरच्या ओळीतल्या एखाद्या एफ-कीवर टचपॅडचं चित्र असतं. त्या कीनेही तो बंद होतो. बाहेरचा माउस नीट चालला तर काम पूर्ण करा. नसेल तर तोच अर्ज मोबाइलवरून किंवा दुसऱ्या लॅपटॉपवरून भरा.

कर्सर उड्या मारत असताना पैसे पाठवण्याचं किंवा 'सबमिट' दाबण्याचं काम करू नका.

काय काढलं की त्रास थांबतो?

कर्सर पळणं हे लक्षण एकच असलं तरी त्यामागची कारणं सात-आठ असू शकतात. त्यामुळे नुसतं लक्षण पाहून अंदाज बांधण्यापेक्षा एकेक गोष्ट बाजूला काढून पाहावी. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार्जर काढला, ड्रायव्हर बदलला आणि लॅपटॉपही रीस्टार्ट केला, तर त्रास नेमका कशामुळे थांबला हे कधीच कळणार नाही.

पहिली चाचणी: चार्जर काढा आणि दोन-तीन मिनिटं बॅटरीवर चालवून पाहा.

दुसरी: वायफाय बंद करा.

तिसरी: यूएसबीला जोडलेलं सगळं काढा. माउसचा डोंगल, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, सगळं.

चौथी: विंडोज की, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. स्क्रीनवर कीबोर्ड उघडेल. त्यातली एखादी की तुम्ही न दाबताच उजळलेली दिसली, तर खरी की आत दबून अडकलेली आहे.

पाचवी: लॅपटॉप सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. कोणती की लागते हे कंपनीनुसार बदलतं. बायोस विंडोजच्या आधी सुरू होतं. तिथेही अक्षरं आपोआप उमटत असतील किंवा बाण आपोआप सरकत असेल, तर दोष यंत्रात आहे. तिथे सगळं ठीक असेल, तर दोष विंडोजमध्ये किंवा सेटिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त.

या पाच चाचण्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत. त्यातून काय निघालं त्यावर पुढचा मार्ग ठरतो.

चार्जर काढल्यावर कर्सर शांत झाला तर

मग लॅपटॉपऐवजी भिंतीतल्या सॉकेटकडे बघा.

टचपॅड दाबाने चालत नाही. त्याच्या पृष्ठभागाखाली तारांची बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जाळीतल्या विद्युतभारात अगदी सूक्ष्म बदल होतो आणि तो मोजून बोट कुठे आहे हे ठरवलं जातं. हा बदल इतका छोटा असतो की विजेचा थोडासा गोंधळही त्याला चकवतो.

हा गोंधळ चार्जरमधून येऊ शकतो. चार्जर घरातल्या २३० व्होल्टच्या एसी विजेचं साधारण २० व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करतो. त्यात निर्माण होणारा विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी चार्जरमध्ये एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या बाजूला येतो. थ्री-पिन प्लग आणि नीट अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर तो लॅपटॉपच्या बॉडीवरच राहतो. धातूच्या बॉडीवर हात फिरवताना झिणझिण्या येतात त्या यामुळेच, आणि कर्सरही याच कारणाने थरथरतो.

आपल्याकडच्या थ्री-पिन प्लगमधली वरची जाड, लांब पिन अर्थिंगची असते. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. तरीही अनेक घरांत थ्री-पिन चार्जर टू-पिन कन्व्हर्टर लावून चालवला जातो किंवा अर्थिंगची तार न जोडलेल्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डला लावला जातो. काही जण तर ती जाड पिन कापून टाकतात.

उपाय सोपा आहे. कन्व्हर्टर आणि एक्स्टेन्शन काढून चार्जर थेट भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटला लावा. त्रास गेला तर दोष बोर्डात होता. गेला नाही तर घरातल्या दुसऱ्या खोलीत, मग शेजाऱ्यांकडे लावून पाहा. शेजाऱ्यांकडे ठीक आणि आपल्याकडे गडबड, असं झालं तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. सॉकेट स्वतः उघडू नका. अर्थिंगचा दोष कर्सरपुरताच मर्यादित नसतो. त्याच घरातला गीझर आणि वॉशिंग मशिनही त्याच अर्थिंगच्या भरवशावर चालत असतात.

सगळीकडे तोच त्रास होत असेल तर चार्जर बदलून पाहा. स्थानिक बनावटीचा, नाव नसलेला चार्जर घेऊ नका. झिणझिण्यांऐवजी जोराचा झटका बसला, तर तो चार्जर पुन्हा वापरू नका.

आधी बॅटरी फुगली आहे का ते पाहा

लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डगमगतो का? टचपॅड एका बाजूने वर आल्यासारखा दिसतो का? क्लिक जड झाली आहे किंवा आपोआप होते आहे का? कडेच्या फटी रुंदावल्या आहेत का?

अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या आणि मनगट टेकवायच्या जागेच्या खालीच असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, सतत गरम राहिली किंवा महिनोन्महिने १०० टक्के चार्जवर प्लगला लावून ठेवली, की आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होऊ शकतो. बॅटरी फुगते आणि टचपॅडला खालून ढकलते. वापरणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं की माउस 'वेड्यासारखा' वागतोय.

या एका कारणासाठी बाकीच्या चाचण्या थांबवायच्या. लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढा. फुगलेला भाग दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, त्याला टोकदार वस्तू लावू नका. बॅटरीला छिद्र पडलं तर आग लागू शकते. लॅपटॉप गादीवर किंवा पडद्याजवळ न ठेवता मोकळ्या, कडक जागेवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार तिची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. ई-कचरा संकलन केंद्रात ती देता येते.

अक्षरांऐवजी आकडे का उमटतात?

कीबोर्डच्या तक्रारींमध्ये नकळत बदललेली सेटिंग हे फार नेहमीचं कारण आहे. काही ओळखीच्या खुणा अशा:

यू, आय, ओ, जे, के, एल या कीजवर ४, ५, ६, १, २, ३ उमटतात: छोट्या लॅपटॉपमध्ये नम लॉक सुरू झालं आहे. नम लॉक पुन्हा दाबा किंवा एफएन धरून दाबा.

ॲट द रेट दाबलं की अवतरणचिन्ह येतं आणि अवतरणचिन्ह दाबलं की ॲट द रेट: कीबोर्ड अमेरिकी मांडणीऐवजी ब्रिटिश मांडणीवर गेला आहे. ईमेल आयडी टाकताना हे पटकन लक्षात येतं.

के दाबलं की 'क', पण एल दाबलं की 'त' आणि एच दाबलं की 'प': ही मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी आहे. भारतीय भाषांसाठीची ही प्रमाण मांडणी आयएस १३१९४:१९९१ या भारतीय मानकात दिलेली आहे. मराठी टाइप करणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन मांडण्या असतातच. विंडोज की आणि स्पेस किंवा डावं आल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबलं गेलं की मांडणी बदलते. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ 'ईएनजी' आहे की 'मर' ते पाहा. बरोबर पासवर्ड टाकूनही 'चुकीचा पासवर्ड' असं येत असेल, तर सगळ्यात आधी हेच तपासा. पासवर्डच्या रकान्यात फक्त ठिपके दिसत असल्यामुळे मांडणी बदललेली लक्षात येत नाही.

की पटकन दाबली तर अक्षर उमटतच नाही, बराच वेळ धरावी लागते: उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिल्यामुळे 'फिल्टर कीज' सुरू झालं असेल. शिफ्ट ५ वेळा दाबलं तर 'स्टिकी कीज' सुरू होतं. हात थरथरणाऱ्या किंवा एकाच हाताने टाइप करणाऱ्या लोकांसाठी या सोयी केलेल्या आहेत. सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन त्या बंद करता येतात.

एक्सेलमध्ये बाणांच्या कीजने चौकट बदलण्याऐवजी अख्खी शीट सरकते: स्क्रोल लॉक सुरू आहे.

नवीन अक्षर टाइप केलं की पुढचं अक्षर खाल्लं जातं: इन्सर्ट की दाबली गेली आहे. ती पुन्हा दाबा.

टाइप करता करता कर्सर अचानक दुसऱ्याच ओळीत जातो: तळहात किंवा अंगठा टचपॅडला लागतोय. टचपॅडच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता 'लो' करा.

पाऊस, धूळ आणि चहा

कोकण किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. करंजाडेसारख्या नव्या वसाहतींत त्यात बांधकामाची धूळ मिसळते. कोरडी धूळ झटकता येते. दमट हवेत मात्र तिचा थर कीजच्या खाली चिकटून बसतो.

लॅपटॉपच्या प्रत्येक कीला स्वतंत्र तार नसते. कीज आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत बसवलेल्या असतात आणि कोणत्या दोन ओळी जोडल्या गेल्या त्यावरून की ओळखली जाते. त्यामुळे कोणत्या कीज बिघडल्या आहेत हे लिहून काढल्यास उपयोग होतो. एकच की अडत असेल तर तिच्याखाली घाण असण्याची शक्यता जास्त. चार-पाच कीज एकदम बंद पडल्या असतील, किंवा एक की दाबली की दोन अक्षरं उमटत असतील, तर आतल्या जाळीत ओल गेली आहे किंवा कीबोर्डची पट्टी सैल झाली आहे.

घाणीसाठी लॅपटॉप बंद करून उलटा धरा, हलकेच झटका आणि मऊ ब्रशने साफ करा. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर अगदी थोडं घेऊन कीच्या कडेने फिरवा. पाणी किंवा घरातला ग्लास क्लीनर थेट फवारू नका. टचपॅड कोरड्या मऊ कापडाने पुसा. ओल्या बोटांनी किंवा तेलकट हातांनी वापरला तरी तो चुकतो.

एसीच्या थंड खोलीतून किंवा ऑफिसमधून लॅपटॉप दमट हवेत आणला की थंड धातूवर बाष्प जमतं. थंड पाण्याची बाटली बाहेर काढल्यावर तिच्यावर थेंब जमतात, तोच प्रकार. पावसाळ्यात घरी आल्यावर लॅपटॉप लगेच सुरू न करता अर्धा तास तसाच ठेवा.

चहा सांडला तर मात्र एक सेकंदही थांबू नका. पॉवर बटण दाबून धरा, लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि लॅपटॉप उघडून तंबूसारखा उलटा ठेवा. हेअर ड्रायर लावू नका आणि तांदळात ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. चहातलं पाणी वाळलं तरी साखर आणि दूध आतच राहतात आणि हळूहळू संपर्कबिंदू खराब करतात. म्हणून 'वाळला, चालू झाला, संपलं' असं न मानता तो उघडून साफ करून घ्यावा लागतो.

वायरलेस माउस अडखळतोय?

आधी सेल बदला. मग माउस उलटा करून खालच्या भिंगावर केस किंवा धूळ अडकली आहे का ते पाहा. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे दर सेकंदाला शेकडो-हजारो फोटो घेऊन आपण किती सरकलो हे ठरवतो. काचेच्या टेबलावर त्याला धरायला खूणच सापडत नाही. खाली एक साधा कागद ठेवला तरी फरक पडतो.

बाहेरची हार्डडिस्क जोडली की माउस अडखळतो, अशीही तक्रार असते. इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात दाखवलं होतं की यूएसबी ३.० उपकरणांमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. बहुतेक वायरलेस माउस याच पट्ट्यात चालतात. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा छोट्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरने हार्डडिस्कपासून लांब न्या.

एकदा क्लिक केलं की दोनदा होतं, अशी अडचण असेल तर माउसच्या बटणाखालचा छोटा स्विच झिजला आहे. त्याला सेटिंगचा उपाय नाही. माउस बदलावा लागतो.

टचस्क्रीन लॅपटॉप असेल तर स्क्रीनही 'भुताचे स्पर्श' नोंदवू शकते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस'मध्ये 'टच स्क्रीन' लिहिलेली नोंद तात्पुरती बंद करा. कर्सर शांत झाला तर दोष स्क्रीनमध्ये आहे. विंडोज अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर याच डिव्हाइस मॅनेजरमधून टचपॅडचा ड्रायव्हर 'रोल बॅक' करा किंवा 'अनइन्स्टॉल' करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोज तो पुन्हा बसवतं.

मग हॅकिंग कधी समजायचं?

बिघाडाने पळणारा कर्सर दिशाहीन असतो. तो थरथरतो, कोपऱ्यात जातो, कुठेही क्लिक करतो. लॅपटॉप दुसरं कुणी चालवत असेल तर हालचालींना हेतू असतो. ब्राउझर उघडतो, बँकेची साइट उघडते, फाइल शोधली जाते. असं दिसलं तर लगेच वायफाय बंद करा. हालचाल तत्क्षणी थांबली तर लॅपटॉप पुन्हा नेटला जोडू नका. कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप टाकलं होतं का, ते आठवा आणि काढून टाका. दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला.

माउस-कीबोर्डमार्गे होणारे हल्लेही खरे आहेत. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी 'माउसजॅक' नावाची त्रुटी उघड केली. ब्लूटूथ नसलेल्या अनेक वायरलेस माउसच्या डोंगलला सुमारे १०० मीटरवरून खोट्या कीज पाठवता येत होत्या. त्याआधी २०१४ मध्ये साधा पेनड्राइव्ह कीबोर्ड असल्याचं भासवून आज्ञा टाइप करू शकतो, हे 'बॅडयूएसबी' प्रयोगात दाखवलं गेलं. म्हणून सापडलेला पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावू नये. घरातला कर्सर थरथरतोय यामागे मात्र असा हल्ला असण्याची शक्यता फारच कमी.

खरा फसवा माणूस बहुतेकदा बिघाडानंतर येतो. शोधात वर दिसणारा 'कस्टमर केअर' नंबर बनावट असू शकतो. स्क्रीनवर 'तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असा लाल संदेश आला तर तो खोटाच असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर दिलेला नसतो. कंपनीचा नंबर लॅपटॉपसोबत आलेल्या कागदावरून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर होईल तितकं पैसे थोपवणं अवघड होतं.

दुकानात नेण्याआधी

घरच्या चाचण्यांनी दोष यंत्रात आहे असं ठरलं, तर आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ब्राउझरमधल्या बँक व ईमेल खात्यांतून लॉग आउट करा. दुकानात 'माउस बिघडलाय' एवढंच सांगू नका. 'चार्जर लावला की कर्सर पळतो, बायोसमध्येही पळतो, बाहेरचा माउस नीट चालतो' असं सांगा. त्यामुळे तपासणीचा वेळ वाचतो आणि गरज नसलेला भाग बदलण्याची शक्यताही कमी होते. अनेक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला पक्का जोडलेला असतो आणि तो बदलण्याचा खर्च मोठा असतो. लॅपटॉप जुना असेल तर काही शे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड हा तोट्याचा सौदा नाही.

आता पुन्हा त्या पावसाळी रात्रीच्या अर्जाकडे येऊ. आकडे उमटत होते ते नम लॉकमुळे. कर्सर पळत होता तो टू-पिन कन्व्हर्टरला लावलेला चार्जर काढल्याबरोबर थांबेल. अर्ज बॅटरीवर बाराच्या आत भरून होईल. त्यासाठी कुणालाही फोन करायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी बोलवायचं ते इलेक्ट्रिशियनला.